पाठीची कामटी

धम्मरत्नने बांबूची कामटी मांडीवर पालथी घेतली आणि तिच्या आतल्या पांढऱ्या बाजूवरून रंधा ओढला. लांब सालपट वळत वळत बाहेर आलं आणि समोर बसलेल्या मयुरीच्या पावलावर पडलं. तिनं पाय मागे घेतला.

"टोक दाबून धर. हालू देऊ नको."

तिनं धरलं, पण तिचं लक्ष रस्त्याकडे होतं. संग्रामपूरच्या बाजाराच्या रस्त्याला लागून बांबूचं दुकान, दुकानापुढे उघडं अंगण आणि त्या अंगणात बाप धनुष्य करत बसलेला. येणारा-जाणारा थांबून विचारल्याशिवाय राहतो थोडाच? सकाळपासून जो तो विचारत होता आणि धम्मरत्न प्रत्येकाला तेवढ्याच हौसेनं सांगत होता, "पोरीचं हाय. जिल्ह्याले जाऊन राह्यली ते."

"अजून निवड नाही झाली, बाबा," मयुरी दर वेळी पुटपुटायची.

"होते नं. काऊन नाही होणार?"

शाळांच्या तिरंदाजीत एक प्रकार असतो, त्यात धनुष्य लाकडाचं किंवा बांबूचंच लागतं. मयुरीच्या शाळेत असं धड धनुष्य एकच होतं आणि नववी-दहावीच्या साऱ्या मुली त्याच्यावर आळीपाळीनं हात साफ करायच्या. सुचिताकडे मात्र स्वतःचं होतं, बाहेरून मागवलेलं. लालभडक, गुळगुळीत, मुठीला काळं कातडं. निवडीच्या चाचणीला ज्यांना जमेल त्यांनी आपलं आणा, असं गणेश सर म्हणाले, ते मयुरीनं घरी सहज सांगितलं. धम्मरत्नने हातातला चहा खाली ठेवला. "बांबूचंच लागते म्हनता नं? मंग मी बनवतो की!" सरकारनं तो नियम जसा काही त्याला विचारूनच केला होता.

धम्मरत्नला धनुष्य करता येत होतं, हे खोटं नाही. लहानपणी डोंगराकडून बांबूच्या मोळ्या घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्यानं त्याला ते शिकवलं होतं. धनुष्याच्या पोटाला, म्हणजे दोरीकडच्या बाजूला, धामणाचं लाकूड आणि पाठीला बांबूची कामटी. धामण दाबलं जातं, कामटी ताणली जाते आणि दोघं मिळून बाण फेकतात. धामणाची फळी त्यानं कधीच तासून ठेवली होती. आता कामटीचं काम चाललं होतं आणि या कामात त्याला कुणाची घाई खपत नव्हती.

अंगणापुढे मोटारसायकल थांबली. दोघं उतरले. डोक्याला रुमाल, चेहरे उतरलेले. धम्मरत्नला काही विचारावं लागलं नाही. त्यानं रंधा बाजूला ठेवला आणि उठला.

"कोन?"

"सोजराबाई. पहाटीच गेली."

"अरे, अरे. लय चांगली बाई होती हो."

त्यानं दोन लांब बांबू निवडले. आडव्या पट्ट्या मोजून काढल्या, सुतळीचं बंडल घेतलं, फळीवरून कोरं कापड आणि मडकं खाली काढलं. बांधायला कुणी आहे का, की येऊ, असं विचारलं. माणसं आहेत म्हणाल्यावर त्यानं सगळं त्यांच्या गाडीला नीट बांधून दिलं आणि ती दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावर उभा राहिला. मग दोन्ही तळवे पँटला पुसून तो परत बसला आणि त्याच हातांनी कामटी उचलली.

मयुरीनं टोक धरलं नाही.

"बाबा, हे कामटी कोणत्या ढिगातली?"

"कोणत्या म्हंजे? ढीग एकच हाय."

"म्हंजे आता त्याईले देला, त्यातलाच बांबू?"

"बांबूले काय माईत, त्याची शिडी होते का काय होते ते," धम्मरत्न म्हणाला. "धर नं टोक."

सातवीत असताना वर्गातल्या एका मुलानं तिला तिरडीवाली म्हटलं होतं. एकदाच. बाईंनी त्याला बाकावर उभं केलं आणि पुन्हा कुणी तो शब्द काढला नाही. पण मयुरीच्या कानातून तो गेला नव्हता. मैत्रिणी हसल्या की तिला तो ऐकू यायचा, कुणी गप्प झालं तरी ऐकू यायचा. बाबा धनुष्य बनवत आहेत, असं तिची मैत्रीण नाजिशनं भाबडेपणानं सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा सुचितानं फक्त "बांबूचं?" एवढंच विचारलं आणि ओठ दाबून दुसरीकडे पाहिलं. मयुरीला ते पुरेसं झालं होतं.

आतली बाजू सपाट झाली तशी धम्मरत्नने कामटी उलटली. पिवळसर, चकचकीत पाठ वर आली. तिच्यावर ठरावीक अंतरानं गाठी उठल्या होत्या. त्यानं टोकापासून टोकापर्यंत अंगठा फिरवला. गाठ आली की अंगठा वर चढायचा, ओलांडला की खाली उतरायचा. दर गाठीवर तो जरासा थांबत होता.

"ह्या गाठी घासून सपाट नाही करत?" मयुरीनं विचारलं.

"नाही."

"काऊन पण?"

"पाठीले हात लावाचा नाही. जे काढाचं ते पोटाकडून."

झालं, एवढंच. धम्मरत्न कारणं देत बसणारा माणूस नव्हता. मयुरीनं कारण आपलं आपण शोधलं. तिरडीच्या बांबूची गाठ कधी कुणी घासत नाही. जी वस्तू एकदाच खांद्यावर जायची, तिला गुळगुळीत कशाला करायची? जन्मभर तेच केलं, म्हणून बाबांच्या हाताला शेवटचा हात फिरवायची सवयच नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. त्या विचारानं तिला बरं वाटलं नाही, पण तो खरा वाटला.

*

धनुष्य झालं. गोंद लावून कामटी धामणावर बसवली, वरून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून गुंडाळल्या आणि ते उन्हाला ठेवलं. पट्ट्या सुटल्यावर धम्मरत्नने दोरी चढवली, भिंतीतल्या खुंटीला मूठ अडकवली आणि दोरी खाली ओढत लांब उभा राहून दोन्ही अंगांचा बाक पाहिला. एक अंग थोडं ताठ होतं. त्यानं पोटाकडून काचेच्या तुकड्यानं हलकेच खरवडलं, पुन्हा ओढलं, पुन्हा खरवडलं. शेवटी दोरी पार मयुरीच्या हनुवटीच्या मापापर्यंत ओढून त्यानं ती तशीच धरून ठेवली. धनुष्यानं हूं की चूं केलं नाही.

"आता हे तुह्या लेकराईलेबी पुरते," तो म्हणाला आणि स्वतःच लाजल्यासारखा हसला.

मयुरीही हसली. धनुष्य हातात हलकं होतं, मूठ तिच्याच पंज्याच्या मापाची होती. पण पाठ समोर धरली की त्या गाठी दिसायच्या. दुकानापुढे उभ्या केलेल्या प्रत्येक बांबूवर होत्या, तशाच.

चाचणीच्या आदल्या दुपारी धम्मरत्न शिड्या पोचवायला वरवटला गेला. आई अंगणवाडीत होती. मयुरीनं दुकानातून पॉलिश पेपर घेतला आणि मागच्या दारी बसून पहिल्या गाठीवर फिरवला. पिवळी साल गेली, खालून पांढरे दोरे दिसू लागले. छान वाटलं तिला. बोट फिरवलं तर गाठ लागेना. मग तिनं सगळ्याच सपाट केल्या. शटरला लावून उरलेला लाल रंग कोनाड्यात होता, त्याचा हात दिला. पाठ लालभडक झाली. हे कुठल्या दुकानातलं आणि कुठल्या ढिगातलं, ते आता कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिच्याही नाही.

रंग उन्हात वाळला. तिनं धनुष्य जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली सारलं.

"धनुष्य कुठी हाय?" रात्री जेवताना धम्मरत्नने विचारलं.

"गुंडाळून ठेवलं. सकाळी घाई होते मंग."

"बरं केलं." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "मी येऊ का उद्या पाहाले?"

मयुरीचा घास तोंडातच राहिला.

"पालकांले येऊ देत नाहीत," ती म्हणाली.

"असं होय," धम्मरत्न म्हणाला. "मंग बरोबर हाय."

*

शाळेच्या मैदानावर कडेला खुर्च्या मांडल्या होत्या. सुचिताचे वडील तिथे बसले होते, नाजिशची आई रुबिना डबा घेऊन आली होती, आणखीही बरेच जण होते. मयुरीनं तिकडे पाहायचं टाळलं. चादर सोडून तिनं धनुष्य बाहेर काढलं, तर सुचिता आपण होऊन जवळ आली.

"अय्या, लाल! भारी हाय बे. कुठून आणलं?"

ती खरंच कौतुकानं बोलत होती. खोचक काही नव्हतं त्यात.

"मागवलं," मयुरी म्हणाली.

नाजिश बाजूलाच होती. तिनं मयुरीकडे पाहिलं आणि वाकून आपल्या बुटाची नाडी बांधू लागली. नाडी बांधलेलीच होती.

पहिले बाण चांगले गेले. गणेश सरांनी चष्मा वर करून लक्ष्याकडे पाहिलं आणि मान हलवली. कडेच्या कुणीतरी मोबाइल पुढे धरला. मयुरीनं पुढचा बाण लावला, दोरी हनुवटीपर्यंत आणली, श्वास रोखला आणि तिला अगदी बारीक करकर ऐकू आली. कुठून आली ते कळायच्या आत धाडकन आवाज झाला. हाताला हिसका बसला, भुवईवर चटका बसला. वरचं अंग गाठीतून मोडून दोरीला लोंबत होतं आणि लाल रंगाखालून बांबूचे पांढरे दोरे विस्कटून बाहेर आले होते.

मुली धावल्या. सरांनी आधी तिचा डोळा पाहिला. डोळा वाचला होता. भुवईतून रक्त येत होतं.

"अरे, काय झालं? लागलं का मयुरीले?"

तो आवाज ऐकून मयुरीला भुवईपेक्षा जास्त काहीतरी झोंबलं. फाटकातून धम्मरत्न धावत येत होता. अंगात दुकानातलाच सदरा, खांद्यावर बांबूची भुकटी. हातात कागदाची पुडी होती. "दोरीले लावाचं मेन राह्यलं होतं," तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. "म्हटलं, फाटकातूनच देऊन जाऊ." खुर्च्यांवर बसलेल्या पालकांकडे त्यानं एकदा पाहिलं. मग नजर काढून घेतली.

"हे तुम्ही बनवलं?" सरांनी विचारलं.

"हो सर."

सुचिता तिथेच उभी होती. तिनं मयुरीकडे पाहिलं. मयुरीला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

धम्मरत्नने तुटलेलं अंग उचललं. रंगाकडे पाहिलं. मग नेहमीच्या सवयीनं टोकापासून अंगठा फिरवत आणला. जिथे गाठ असायला हवी होती तिथे अंगठा वर चढला नाही. सपाट पुढे गेला. त्यानं तो परत मागे आणला आणि तिथेच ठेवला. मयुरीला त्या अंगठ्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. आता बाबा बोलणार, सगळ्यांसमोर बोलणार आणि बोललेच पाहिजेत, असं तिला वाटलं.

"चूक माही हाय सर," धम्मरत्न म्हणाला. "बांबू कच्चा होता. माह्या ध्यानात नाही आलं. पोरीकडून काही नाही झालं."

"अहो, कच्चा होता म्हणजे काय?" सर घाबरले होते आणि घाबरलेला माणूस बोलतो तसं ते बोलत गेले. "पोरीचा डोळा गेला असता! शेजारच्या पोरीले लागलं असतं! हे काय शिड्या-तिरड्या बांधण्यासारखं आहे का, धम्मरत्नभाऊ? कळत नाही तर करू नये माणसानं."

"बरोबर हाय सर," धम्मरत्न म्हणाला.

तो शब्द सातवीनंतर पहिल्यांदाच, उघड्या मैदानावर उच्चारला गेला आणि कुणीही हसलं नाही. सरांचं त्यांनाच वाईट वाटलं असावं, ते दुसरीकडे वळले. पंधरा दिवसांनी उरलेल्यांची पुन्हा चाचणी घेऊ, तोवर शाळेच्या धनुष्यावर सराव कर, असं ते जाता जाता मयुरीला म्हणाले.

मयुरीला तोंड होतं. "मी घासलं" एवढे दोन शब्द होते. ते तिनं काढले नाहीत. धम्मरत्नने तिच्या भुवईवर रुमाल दाबून धरला आणि मोटारसायकलवर बसवून घरी नेलं. वाटेत त्यानं काही विचारलं नाही. घरी हळद लावतानाही नाही. ओरडला असता, एक ठेवून दिली असती, तर तिला रडता तरी आलं असतं.

*

मोबाइलमधलं चित्रण संध्याकाळपर्यंत गावभर फिरलं. दुसऱ्या दिवसापासून दुकानात येणारा प्रत्येक जण तेच काढू लागला.

"धनुष्य मोडलं म्हनते पोरीचं?"

"हाव. बांबू कच्चा निघाला."

"तुले नाही समजला? तुले?"

"नाही समजला बा."

बांबू विकणाऱ्यानं कच्चा बांबू ओळखता आला नाही असं म्हणणं, म्हणजे सोनारानं पितळ कळलं नाही म्हणण्यापैकी आहे. धम्मरत्न ते हसत हसत सांगत होता. मयुरी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसायची आणि दर वेळी तेच वाक्य, त्याच आवाजात, ऐकायची. तिला वाटायचं, आता उठावं. मग वाटायचं, हे गिऱ्हाईक जाऊ दे, मग बोलू. गिऱ्हाईक जायचं आणि बाबा कामाला लागायचे.

शंकरराव दरवर्षी संत्र्याच्या तोडणीसाठी शिड्या न्यायचे. मोठे बागाईतदार, बोलायला मोकळे. त्यांनी तयार दोन शिड्यांतली एक उभी केली, एका पायरीवर पाय देऊन दाबला, पुन्हा दाबला.

"धम्मा, हे तरी पक्की हाय नं बे? नाही, मी इचारून राह्यलो फक्त. वर मानूस चढते."

"पक्की हाय, शंकरराव."

"तसं नाही, थो व्हिडिओ पाह्यला मी. एकदम खाड् करून गेलं थे." त्यांनी शिडी भिंतीला टेकवून ठेवली. "चाल, एकदोन दिवसानं येतो मी. पोराले इचारतो."

ते गेले. धम्मरत्न शिडीजवळ गेला आणि ज्या पायरीवर त्यांनी पाय दिला होता, तिथली माती हातानं पुसली. मयुरीनं खिडकीतून ते पाहिलं. तिला स्वतःची इतकी किळस यापूर्वी कधी आली नव्हती. त्या दिवशी ती जेवली नाही. पोट दुखतं म्हणाली. आईनं ओवा दिला, तो तिनं मुकाट्यानं चावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मरत्न अंगणात नवा बांबू चिरत बसला होता. मयुरीला पाहून त्यानं सरकून जागा केली.

"धर टोक."

"कशाचं हाय?"

"तुहं. चाचणी हाय नं."

तिनं टोक धरलं. कोयत्याच्या मागे बांबू सरळ फाटत गेला. रंधा लागला, सालपटं पडू लागली. या वेळी तिनं पाय मागे घेतला नाही. कामटी पालथी होती तोवर ठीक होतं. ती उलटली, पाठ वर आली, धम्मरत्नने अंगठा फिरवायला सुरुवात केली आणि मयुरीला ते पाहवेना. तिनं मान खाली घातली. आता बोललं पाहिजे, हे तिला कळत होतं.

तेवढ्यात शंकरराव आले. त्यांना दुसरीकडे शिड्या मिळाल्या नसाव्यात, किंवा मन खात असावं. त्यांनी पुन्हा तीच शिडी उभी केली.

"हं, धम्मा. बांबू कच्चा नाही नं पण? खरं सांगजो."

"बांबू कच्चा नव्हता," मयुरी म्हणाली.

आवाज इतका मोठा निघाला की तीच दचकली. शंकररावांनी मान वळवली.

"धनुष्याचा बांबू कच्चा नव्हता, काका. पक्का होता. मी गाठी घासल्या त्याच्या. बाबांनी नाही म्हटलं होतं, तरी घासल्या. वरून रंग लावला." टोक सोडून ती उभी राहिली होती. "कोनाले दिसू नाही म्हनून. कोनी इचारलं त मागवलं म्हनून सांगतलं मी."

शंकरराव तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी धम्मरत्नकडे पाहिलं. धम्मरत्न अंगठा फिरवत होता. गाठीवर चढला, उतरला, पुढच्या गाठीवर गेला.

"दोन्ही शिड्या नेतो मी," शंकरराव म्हणाले. "ट्रॅक्टर पाठवतो दुपारी." आणि मोठे बागाईतदार असूनही, जाताना त्यांनी चपला हळू वाजवल्या.

मयुरी उभीच होती. खरं बोललं की हलकं वाटतं, असं शाळेत शिकवतात. तिला हलकं वाटत नव्हतं. बाबा वर पाहत नव्हते. मैदानावर बोलायचं ते ती आज अंगणात बोलली होती, एका माणसासमोर. ते पुरेसं नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

"बाबा."

"कोरं कापड ठेवतो नं, त्या फळीवर पाह्य," धम्मरत्न म्हणाला. "मांगच्या बाजूले. डबा हाय एक, काढून आन."

ती दुकानात गेली. टाचा उंचावून तिनं कोऱ्या कापडाच्या घड्या बाजूला केल्या. मागे रंगाचा छोटा डबा होता. लाल, शटरच्या रंगापेक्षा चांगला, लाकडावर लावायचा. सोबत नवा ब्रश, कागदात गुंडाळलेला. डब्याचं झाकण अजून उघडलेलं नव्हतं आणि त्याच्यावर बांबूच्या भुकटीचा पातळ थर बसला होता. एका रात्रीत बसेल एवढा तो नव्हता. कागदात ब्रशसोबत आणखी एक पुडी होती. ती तिनं ओळखली. तिच्यात त्या दिवशीचं मेण होतं.

डबा घेऊन ती अंगणात आली, तेव्हा धम्मरत्नने कामटी उन्हाकडे धरली होती आणि एक डोळा मिटला होता.

"घासा लागत नाही," तो तसाच म्हणाला. "गाठीत दोरे असते. अख्खे पाह्यजे थे, तुटले का मोडलं. रंग गाठीवरबी बसते."

मयुरी खाली बसली आणि रडली. धम्मरत्नने तिला थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. तो मधेमधे एवढंच म्हणत होता, "टोक धर. हालते थे."

*

रंग तिनं लावलाच. लाल तिला आवडतच होता, त्यात खोटं काही नव्हतं. गाठींवर ब्रश जरा दाबून फिरवावा लागला, पण बसला. वाळल्यावर त्या मुठीवरच्या हाडांसारख्या उठून दिसत होत्या.

चाचणीच्या दिवशी धम्मरत्नने तिला मोटारसायकलवरून शाळेपर्यंत आणलं. अंगात धुतलेला पांढरा सदरा होता. फाटकाशी त्यानं गाडी लावली, तिच्या हातात मेणाची पुडी दिली आणि आतल्या खुर्च्यांकडे न पाहता कडुलिंबाच्या सावलीत जाऊन उभा राहिला.

"जाय. मी इथंच हावो."

मयुरी हलली नाही.

"जाय नं, उशीर होते. पालकांले नाही येऊ देत नं आत." तो ते अगदी साधेपणानं म्हणाला. एखादा नियम असावा आणि तो आपण पाळावा, तसं.

मैदानावर मुली जमल्या होत्या. सुचितानं लाल धनुष्य पाहून हात वर केला. मयुरी बाबांकडे वळली.

"येऊ देतात," ती म्हणाली. मग पुडी तिनं परत बाबांच्या हातात ठेवली. "मेन तुम्हीच लावून द्या. तिथं, सगळ्याइच्या समोर."

आणि फाटकाकडे निघाली खरी, पण ते मागे येतात की नाही, हे वळून पाहायचा धीर न झाल्यामुळे ती फाटकातच थांबून राहिली.